घरी कळेल का?

अमेरिकेत शिकायला आलेली आपल्याकडची मुलं समुपदेशनाला आली की पहिल्या दहा मिनिटांत विचारतात, "हे घरी कळेल का?" मध्यंतरी एका आईने मला हीच काळजी दुसऱ्या टोकाकडून सांगितली. "मुलगी तिकडे कौन्सेलरकडे जाते म्हणे. ती बाई अजून शिकाऊच आहे, वर सगळं रेकॉर्ड करते. हे बरं आहे का?" दोन्ही प्रश्नांना उत्तर देताना मला एकच मुलगा आठवतो. त्याचं नाव सांगत नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

तेव्हा मी स्वतःच शिकाऊ होते. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात पोस्टडॉक, म्हणजे डॉक्टरेटनंतरचं प्रशिक्षण, करत होते. दारावर 'डॉ.' लागलं होतं, पण परवाना नव्हता. तिथे मानसशास्त्रज्ञाच्या परवान्यासाठी देखरेखीखाली ३००० तास काम करावं लागतं, त्यातले निदान १५०० तास डॉक्टरेटनंतरचे, आणि वर परीक्षा. (डॉक्टर झाल्यावर पुन्हा पेपर कसला, हे माझ्या आजीला शेवटपर्यंत पटलं नाही.) तोवर प्रत्येक केस सुपरवायझरच्या जबाबदारीवर. आपण शिकाऊ आहोत हे क्लायंटला आधी सांगायचं, आणि त्याची लेखी परवानगी असेल तर सत्राचं चित्रण करून ते सुपरवायझरबरोबर बघायचं.

मुलगा तेवीस वर्षांचा, इंजिनिअरिंगमध्ये एम. एस. करणारा. माझं आडनाव बघून त्याने वेळ घेतली होती आणि आडनाव बघूनच ती रद्द करायचंही ठरवलं होतं, असं त्याने नंतर सांगितलं. येण्याआधी भरायच्या फॉर्मवर चौतीस विधानं असतात आणि प्रत्येकासमोर शून्य ते चार यातला एक आकडा निवडायचा असतो. झोप, अभ्यास, एकटेपणा यांपुढे त्याने तीन आणि चार टाकले होते. जीव संपवण्याच्या विचारांपुढे शून्य.

सॅक मांडीवर धरून तो खुर्चीच्या कडेला बसला. एका विषयात नापास झाला होता, गुणांची सरासरी चारपैकी ३.० च्या खाली गेली होती आणि विभागाचं ताकीदपत्र आलं होतं. विद्यार्थी व्हिसावर विद्यापीठाचं सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येतं. ते वीसच्या वीस तास तो मेसमध्ये भांडी धुवत होता आणि घरी 'लायब्ररीत जॉब आहे' असं सांगत होता. शिक्षणकर्जासाठी वडिलांनी राहतं घर तारण ठेवलं होतं. हे सगळं त्याने इंग्रजीत, हसत हसत सांगितलं. मग एकदम मराठीत विचारलं, "हे घरी कळेल का?"

"नाही रे, काळजी करू नकोस. इथलं इथेच राहतं," मी म्हटलं, तेही अगदी मनापासून.

त्याने टेबलावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. संमतीपत्रावर त्याने खाली काउंटरवर सही केली होती, पण आपण अ‍ॅप उघडताना 'मान्य आहे' दाबतो तशी. निघताना म्हणाला, "तुम्हाला ताई म्हणू का? मॅडम फार जड वाटतं." मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं.

माझ्या सुपरवायझरला मराठीचा एक शब्द येत नव्हता. तिने चित्रण लावलं आणि वीस मिनिटं नुसतं ऐकलं. "इंग्रजीत तो हसतो," ती म्हणाली. "तुमच्या भाषेत हसत नाही, पण वाक्यं अर्धी सोडतो." मग त्या प्रश्नापाशी थांबवून तिने भाषांतर मागितलं. मी सांगितलं, 'माझ्या आईवडिलांना समजेल का?'

"शब्दाला शब्द सांग."

"घरी. कळेल. का."

"यात आईवडील कुठे आहेत? आणि सांगणारा कुठे आहे?"

मला उत्तर सुचेना. मराठीत आपोआप 'कळतं'. पाऊस पडतो तसं. कोणी सांगितलं हे वाक्यात यावंच लागत नाही. तोवर तिचा पुढचा प्रश्न आला, "तू काय म्हणालीस?" मी माझ्या उत्तराचं भाषांतर केलं. 'इथलं इथेच राहतं.' ती म्हणाली, "मग मी आत्ता काय बघतेय?"

पुढच्या सत्रात मी कॅमेरा बंद ठेवला आणि आधी माफी मागितली. कोणाला कळतं याचा पूर्ण हिशेब त्याच्यापुढे मांडला. मला कळतं. सुपरवायझरला कळतं, आणि तिला मराठी येत नसल्याने मीच तिला शब्द न शब्द सांगते. चित्रण नको असेल तर आत्ता नाही म्हण, तरी माझ्याकडे येता येईल. मग तिला मी तोंडी सांगेन. केंद्रातल्या नोंदी गुणपत्रिकेपासून वेगळ्या असतात, प्राध्यापकांना त्या उघडता येत नाहीत. अठरा पूर्ण झालेल्या मुलाच्या नोंदी त्याच्या सहीशिवाय आईवडिलांना दाखवत नाहीत, फी त्यांनी भरली असली तरी. व्हिसाच्या अर्जात प्रश्न असतो तो स्वतःला किंवा इतरांना धोका होईल अशा विकाराबद्दल. समुपदेशकाकडे गेला होतात का, असा नसतो.

मग अपवाद. मुलांचा किंवा वृद्धांचा छळ होतोय असं समजलं, कोर्टाने आदेश काढला, किंवा कोणाच्या जिवाला धोका दिसला, तर मला गप्प बसता येत नाही. हा शेवटचा अपवाद कॅलिफोर्नियातूनच अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गेला. १९६९ साली बर्कलीच्या विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने तातियाना तारासॉफ या तरुणीला मारण्याचा बेत विद्यापीठाच्याच मानसशास्त्रज्ञाला बोलून दाखवला. मानसशास्त्रज्ञाने कॅम्पस पोलिसांना लेखी कळवलं, त्यांनी चौकशी करून त्याला सोडून दिलं, आणि तिला कोणीच सावध केलं नाही. तिचा खून झाला. धोक्यात असलेल्या माणसाचं रक्षण करणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ठरवलं. तो विद्यार्थी भारतातून, बंगालमधून आला होता. निकाल पहिल्यांदा वाचताना त्याचं नाव बघून मी दचकले होते. खटला मी त्या मुलाला सांगितला नाही, नियम तेवढा सांगितला.

त्याने विचारलं, "समजा कोणी म्हणालं की मरावंसं वाटतं, तर लगेच पोलीस येतात?"

"नाही. विचार येणं वेगळं आणि करायचं ठरवणं वेगळं. मी आधी नीट विचारते. मग दोघं मिळून पुढचं ठरवतो. आजची रात्र सुरक्षित जाणार नाही असं वाटलं, तरच दुसऱ्यांना बोलावते, आणि शक्य असेल तर तुला सांगून."

बराच वेळ तो सॅकच्या चेनशी चाळा करत राहिला. "फॉर्मवर शून्य लिहिलंय मी," तो म्हणाला. "शून्य नव्हतं ते. दोन होतं."

मी सरळ विचारलं. तसे विचार रात्री यायचे. ठरवलं काहीच नव्हतं. अशा वेळी शिकाऊने एकटीने निर्णय घ्यायचा नसतो, म्हणून त्याला सांगून मी सुपरवायझरला खोलीत बोलावलं. तिघांनी मिळून सुरक्षेचा आराखडा कागदावर उतरवला. रात्र बिघडतेय हे कशावरून ओळखायचं, तेव्हा आधी काय करायचं, कोणाला फोन करायचा. रूममेट. मग ९८८, ही अमेरिकेतली चोवीस तासांची हेल्पलाइन. (भारतात असाल तर टेली-मानसचा १४४१६.) तिसऱ्या ओळीत त्याने 'ताई' लिहिलं आणि खोडलं.

सुपरवायझर गेल्यावर मी विचारलं, "घरी कळलं तर कोणाकडून कळेल?"

"ताईकडून."

बारावीच्या सराव परीक्षेत तो नापास झाला होता. फक्त थोरल्या बहिणीला सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत काका दारात हजर. "माझ्या भल्यासाठीच सांगितलं तिने," तो म्हणाला. 'ताई' या शब्दाला हो म्हणून मी कुठल्या जागेवर जाऊन बसले होते, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. त्या दिवसानंतर त्याने मला ताई म्हटलं नाही आणि मॅडमही म्हटलं नाही. समोरच्याला काहीच न म्हणता मराठीत वर्षभर बोलता येतं, हे मला त्याच्यामुळे समजलं. मंडळाच्या गणपतीला आम्ही आरतीच्या गर्दीत समोरासमोर आलो. आधीच ठरवलं होतं, की तो बोलला तर मी बोलायचं. तो बोलला नाही.

एक विषय सोडायचा होता. व्हिसावर असताना परवानगीआधीच विषय सोडला तर व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो. वैद्यकीय कारणाने क्रेडिट, म्हणजे विषयांचा भार, कमी करता येतात, पण पत्र परवानाधारक डॉक्टरचं किंवा क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाचं लागतं. माझी सही तिथे चालणार नव्हती, सुपरवायझरने केली. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला काय कळवायचं, त्याचा मसुदा आधी त्याला दाखवला. तीन ओळी, आजाराचं नाव नाही. त्याने 'तीव्र' हा शब्द काढायला लावला. काढला.

त्या आईला मी हेच सांगितलं, की शिकाऊ समुपदेशकाच्या कामावर आणखी एका जाणत्या माणसाची नजर असते. मुलीला रेकॉर्डिंग नको असेल तर तिने तसं खुशाल सांगावं, आणि ते कोण बघतं, कधी पुसतात, हेही विचारावं. परवाना मिळाल्यापासून माझी सत्रं कोणी बघत नाही. 'इथलं इथेच राहतं' असं आज मी म्हणून गेले तर पकडणारं कोणी नाही.

नोव्हेंबरात त्याने बहिणीला नापास झाल्याचं आणि भांड्यांचं स्वतःच सांगितलं. तिने तीन दिवस पोटात ठेवलं, चौथ्या दिवशी घरी सांगितलं. वडिलांनी फोन करून विचारलं, जेवतोस ना वेळेवर? कर्जाचा विषय निघालाच नाही. तो निघायला आणखी दोन महिने गेले, आणि तेव्हा भांडणही झालं.

मे महिन्यात शेवटच्या सत्राला त्याने रेकॉर्डिंगबद्दल विचारलं. वर्ष संपताना पुसतात, मी म्हटलं.

"पुसायच्या आधी तुमच्या मॅडमना विचारा, मराठी किती आलं."

मी विचारलं. ती थोडा वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, "कलेल." ळ काही तिला जमला नव्हता.