बारावी कॉमर्स झाली, पुण्यात राहायचा खर्च झेपणार नाही. घरी बसून ऑनलाइन बीकॉम करावं म्हणतोय, पण मला ते जमेल की नाही हे कसं ओळखू?

तू माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस म्हणून एकेरीतच लिहिते.

आधी एक गोष्ट, लॉकडाउनमध्ये मोबाईलवर शाळा भरायची त्यावरून काही ठरवू नकोस. तेव्हा तू सातवी-आठवीत असशील, आणि ते म्हणजे वर्गातलं लेक्चर तसंच्या तसं फोनवर आलेलं होतं, त्यात शिक्षकांचाही नाइलाज होता.

माझा अनुभव सांगते. बीएस्सीला असताना मी ‘स्वयम्’ या सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा १२ आठवड्यांचा कोर्स घेतला. शिकायला फुकट, परीक्षेची फी वेगळी, दर आठवड्याला असाइनमेंट, त्याचे २५ टक्के आणि सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. पहिले तीन आठवडे मस्त गेले, रात्री जेवण झालं की व्हिडिओ बघायचे आणि सगळं समजतंय असं वाटायचं. चौथ्या आठवड्यात एका प्रोग्रामपाशी अडकले, उद्या बघू म्हटलं, ती असाइनमेंट राहिली, मग पुढची राहिली, आणि शेवटी परीक्षेला बसलेच नाही. फी गेली त्यापेक्षा आपल्याला हे येतच नाही असं मनात बसलं त्याचा त्रास जास्त झाला.

पुढच्या सेमिस्टरला तोच कोर्स परत घेतला आणि पास झाले. नेट तेच, फोन तोच, आवडही तेवढीच. बदललं एवढंच की सकाळी ७ ते साडेआठ मी वाचनालयात जाऊन बसायचे आणि अडलं की त्याच दिवशी कोर्सच्या फोरमवर किंवा मैत्रिणीला विचारायचे. म्हणून मला मनापासून वाटतं की ऑनलाइन झेपतं की नाही हे अडल्यावर आपण काय करतो त्यावरून कळतं. वर्गात अडलं तर सरांना चेहऱ्यावरून कळतं, नाहीतर बाजूचा तरी सांगतो, इथे अडलेलं कुणालाच दिसत नाही.

तुला हे तपासायला सोपं आहे. बारावीला पार्टनरशिपची गणितं केलीस ना? दुसऱ्याला सोडवताना बघितलं की सगळं कळल्यासारखं वाटतं आणि स्वतः ताळेबंद मांडायला घेतला की दोन्ही बाजू जुळत नाहीत. तर ‘स्वयम्’च्या साइटवर अकाउंट्सचा एखादा कोर्स फुकट घे, व्हिडिओ थांबवून गणित आधी वहीत स्वतः सोडव, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काय होतंय ते बघ, कारण पहिल्या आठवड्यात सगळेच उत्साहात असतात. अडलेलं दोन दिवसांत कुणाला तरी विचारून सोडवत असशील तर बिनधास्त कर. तसंच सोडून पुढे जात असशील तर तालुक्याच्या कॉलेजला ॲडमिशन घे, एसटीचा सवलतीचा पास मिळतो, त्यात कमीपणा काही नाही. तू फक्त पुणे की ऑनलाइन एवढंच विचारलंस म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

घरच्यांशीही आधीच बोल. पोरगं घरी आहे म्हणजे रिकामंच आहे असं धरतात, मोटर चालू करून ये, दुकानात जरा बस, असं करत दिवस जातो. रोजची दोन तासांची वेळ त्यांना सांगून टाक.

आणि ऑनलाइन आणि दूरशिक्षण एक नाही हं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं राज्यभर आहेत, तिथे मराठीतून बीकॉम करता येतं, पुस्तकं मिळतात, अडलं तर जायला एक जागा असते. मला विचारशील तर तुझ्यासारख्याने हे आधी बघावं. ऑनलाइनच घ्यायचं ठरलं तर फी भरायच्या आधी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या साइटवर जाऊन त्या विद्यापीठाच्या नेमक्या त्याच कोर्सला यंदाच्या वर्षासाठी मान्यता आहे का ते स्वतः बघ, फोनवर कुणी कितीही गोड बोललं तरी.