एकाच सर्व्हरवर चार व्हीएम (सर्व्हरच्या आत चालणारे वेगवेगळे आभासी कॉम्प्युटर), एक चालू झाली की बाकी तिन्ही अडकतात. डिस्कची लिमिट कशी लावू?

भाऊ, तुम्ही लिहिलं की प्रॉक्समॉक्सवर (व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर) चार व्हीएम आहेत, हिशेबाच्या विंडोजला फक्त 100 जीबी दिले तरी तिच्यामुळेच सगळं हँग होऊन राहिलं, तर तिची जागा अजून कमी करू का. नका करू. तशीही डिस्क वाढवायचीच सोय आहे तिथं, कमी करायचं बटनच नाही. आणि जागेची लिमिट वेगळी, स्पीडची लिमिट वेगळी, 100 जीबीवाली व्हीएम पण अख्खी डिस्क एकटी धरून बसू शकते.

मी इकडं तालुक्याला एका जिनिंगचा अन् एका पतसंस्थेचा सर्व्हर पाहतो, त्यावरून सांगून राहिलो. प्रत्येक व्हीएमच्या समरीत डिस्क आयओचा, म्हणजे वाचण्या-लिहिण्याचा, ग्राफ असतो, लोक तो पाहतात आणि म्हणतात सेकंदाला अर्धा एमबी पण नाही, मग डिस्क काहून अडकली? कारण तो ग्राफ एमबी दाखवते, ऑपरेशन, म्हणजे वाचायच्या-लिहायच्या फेऱ्या, किती झाल्या ते नाही. सीझनमध्ये जिनिंगच्या काट्यावर पाहा न, चाळीस क्विंटलचा ट्रॅक्टर एकदा चढतो, एक पावती, गेला. पण मोटरसायकलवर एकेक गाठोडं घेऊन चाळीस जण आले की कापूस इतकासाच अन् लाइन फाट्यापर्यंत. साधी 7200 आरपीएमची हार्ड डिस्क असेल तर तिच्या एका चकरीलाच 8.3 मिलिसेकंद लागतात, वरून हेड सरकायचा वेळ, म्हणजे इकडचं तिकडचं वाचायचं असलं की सेकंदाला 80-100 ऑपरेशन, बस. 4 केबीचे 80 तुकडे म्हणजे 320 केबी, ग्राफवर दिसणार पण नाही, आणि डिस्क मात्र फुल.

म्हणून होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, आयओस्टॅट (डिस्कवरचा भार दाखवणारी कमांड) लावा, एक्स ऑप्शन देऊन, दर दोन सेकंदाला, आणि आर-अवेट अन् डब्ल्यू-अवेटचे कॉलम पाहा, वाचायला अन् लिहायला किती थांबावं लागते ते त्यात असते. हार्ड डिस्कवर दहा-पंधरा मिलिसेकंद असेल तर ठीक, शंभरच्या वर सतत असेल तर लाइन लागली आहे. कोणती व्हीएम करून राहिली ते आयओटॉप या कमांडमध्ये दिसते.

लिमिट लावायच्या आधी एक गोष्ट, त्या विंडोजला रॅम किती दिली? 2-3 जीबीतच भागवत असाल तर ती पेजफाइलवरच (रॅम कमी पडली की डिस्कच रॅमसारखी वापरते ती फाइल) जगत असेल, तिथं लिमिट लावली तर आणखीच मरेल. आधी रॅम द्या.

मग व्हीएमच्या हार्डवेअरमध्ये हार्ड डिस्क निवडून एडिट करा, तिथं बँडविड्थचा टॅब आहे, दिसत नसेल तर अ‍ॅडव्हान्स्ड चालू करा. एमबीचे रकाने रिकामे राहू द्या, ऑपरेशनचे भरा. डिस्क सेकंदाला शंभर ऑपरेशनची असेल तर रीड 40, राइट 30 पासून सुरू करा आणि बर्स्ट (थोड्या वेळापुरती वाढीव सूट) थोडा जास्त ठेवा, नाहीतर लॉगिन करतानाच माणूस वैतागतो. व्हीएम बंद करायची गरज नाही. चारही व्हीएमला सारखी वाटणी मात्र करू नका, ही लिमिट पक्की असते, बाकी तिघी झोपल्या असल्या तरी चौथीला त्यांचा वाटा भेटत नाही. जी त्रास देते तिलाच लावा.

जागेचं म्हणाल तर एलव्हीएम-थिन (जागा लागेल तशीच खरी देणारी पद्धत) वापरत असाल तर सगळ्यांना दिलेल्या जीबीची बेरीज पूलपेक्षा, म्हणजे खऱ्या एकूण जागेपेक्षा, जास्त झाली का ते पाहा. थिनमध्ये सिस्टम अडवत नाही, पण पूल भरला की आतून विंडोज म्हणते 40 जीबी रिकामे आहेत आणि बाहेरून व्हीएम आयओ-एरर देऊन थांबलेली असते, अन् त्याच पूलवर जे जे लिहायला जाते ते सगळं अडकते. डिस्कवर डिस्कार्ड टिक करा आणि आतमध्ये ट्रिम चालू ठेवा, म्हणजे डिलीट केलेली जागा पूलला परत भेटते. जुने स्नॅपशॉट (व्हीएमची त्या त्या वेळची जपून ठेवलेली स्थिती) उडवा, ते लय जागा खातात.

कोणी कॅश राइटबॅक करा म्हणेल, म्हणजे डेटा आधी रॅममध्ये अन् मग डिस्कवर, स्पीड वाटते खरी, पण आपल्याकडं लाइट कधी जाईल नेम नाही, चांगला यूपीएस नसेल तर राहू द्या. त्यापेक्षा एक साधी साटा एसएसडी घ्या, ती हजारोंनी ऑपरेशन करते, निम्मी भानगड तिथंच संपते.

आणि हो, हे हँग रोज ठराविक वेळीच होते का? तसं असेल तर बॅकअपची वेळ तपासा, व्हीझेडडम्पच्या (प्रॉक्समॉक्सचं बॅकअप घेणारं टूल) सेटिंगमध्ये बँडविड्थ लिमिट टाकता येते, ती केबीत असते हे लक्षात ठेवा. आयओस्टॅटचे आकडे इथं टाका, मग नेमकं किती लावायचं ते पाहू.