गुळवेलीच्या अर्काने पेशींमधलं नायट्रिक ऑक्साइड (दाहात पेशी बनवतात तो वायू) घटलं, म्हणजे दाह कमी झाला का?

लगेच पेढे वाटू नका. आधी पेशी जिवंत आहेत का ते बघा! मेलेली मॅक्रोफेजही (चाचणीत वापरतात ती रोगप्रतिकारक पेशी) नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही. म्हणून अर्काच्या त्याच मात्रांवर एमटीटी चाचणी (पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून दाखवणारी) हवीच.

आम्ही बडोद्याचे, गुळवेल खंडेराव मार्केटातून आणायचो. खरी गोम तिथेच. बाजारातल्या काडीवर जिवाणू असतात, त्यांचं एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) अर्कात उतरतं आणि उकळूनही जात नाही. हे तेच एलपीएस, जे तुम्ही प्रयोगात पेशींना दाहासाठी चिथवायला घालता. अर्क आदल्या दिवशी घातला असेल तर पेशी त्याला सरावतात, दुसऱ्या दिवशीच्या एलपीएसला थंड प्रतिसाद देतात, आणि आपण श्रेय गुळवेलीला देतो. तेव्हा अर्काची एलएएल चाचणी (एंडोटॉक्सिन शोधणारी) करा. शिवाय नुसता अर्क घातलेली एक विहीर ठेवा (प्लेटमधल्या खळग्याला आम्ही विहीरच म्हणायचो). तिथे नायट्राइट (नायट्रिक ऑक्साइडपासून बनतं, तेच आपण मोजतो) वाढलं की चोराचा सुगावा लागला.

नायट्राइट मोजणारी ग्रीस चाचणी रंगावर चालते, ती ५४० नॅनोमीटरवर वाचतात, त्यामुळे गडद अर्काचा स्वतःचा रंग वजा करा. डीएमएसओ (अर्क विरघळवायचं द्रावक) सगळीकडे सारखंच, शक्यतो ०.१ टक्क्याच्या आत. तुलनेला डेक्सामेथासोन, हे दाह कमी करणारं औषध.

एवढं करूनही आकडा घटलेला राहिला, तर टीएनएफ-अल्फा आणि आयएल-६ (दाहाचे संदेश देणारी प्रथिनं) एलायझाने, म्हणजे प्रतिपिंडांच्या चाचणीने, मोजा.