फिनिक्सहून ग्रँड कॅनियनला जाताना पेट्रिफाइड फॉरेस्ट करावं का? सोबत सत्तरीतले आईवडील आहेत, दोन तास पुरतील का?

पेट्रिफाइड फॉरेस्ट, म्हणजे अॅरिझोनातलं दगड झालेल्या लाकडांचं नॅशनल पार्क, दोन तासांत होत नाही. दोनच तास असतील तर जाऊ नका, सरळ कॅनियन गाठा. नाहीतर नंतर तुम्हीच मुंबईत येऊन सांगाल की नुसते दगड होते, आणि ते वाक्य मी आमच्या थोरल्या साडूंच्या तोंडून इतकी वर्षं ऐकतोय की आता अजून एक माणूस नको.

पहिली गोष्ट, ते कॅनियनच्या वाटेवर नाहीये. वाकडी वाट करावी लागते, पण चांगल्या प्रकारे करता येते. फिनिक्सहून पेसनमार्गे होलब्रुक गाठा, तिथून दक्षिणेच्या गेटने आत शिरा, आतला साधारण ४५ किमीचा रस्ता थांबत थांबत करा, उत्तरेच्या गेटने बाहेर पडलात की हायवे ४० लागतो, तो पकडून रात्री फ्लॅगस्टाफला मुक्काम. दुसऱ्या दिवशी कॅनियन. लोक सगळे गूगल मॅप लावून उत्तरेने शिरतात, पेंटेड डेझर्टचे, म्हणजे तिथल्या रंगीत वाळवंटाचे, चार फोटो काढतात आणि खरी लाकडं बघायच्या आधीच दमतात.

आम्ही असेच दक्षिणेने गेलो होतो. साडू फिनिक्सला राहतात, गाडी त्यांची, त्यामुळे मतही त्यांचंच. त्यांना आउटलेट मॉलला जायचं होतं. मी मुलुंडहून निघायच्या आधीपासून हे पार्क धरून बसलो होतो, सोबत बायको, मुलगा आणि सासूबाई. गेटपाशीच रेनबो फॉरेस्ट म्युझियम आहे, तिथे फायटोसॉरचे, म्हणजे मगरीसारख्या दिसणाऱ्या प्राण्यांचे सांगाडे आहेत, आणि लोकांनी परत पाठवलेल्या दगडांसोबतची पत्रं पण लावलेली होती. लोक इथून तुकडा उचलून नेतात, मग घरी नोकरी जाते, लग्न मोडतं, कुत्रा मरतो आणि मग माफीचं पत्र लिहून तुकडा पोस्टाने परत. मुलगा मोठ्याने वाचून दाखवत होता, सगळे हसत होतो, आई, म्हणजे सासूबाईसुद्धा.

मागेच जायंट लॉग्जची छोटी वाट आहे, तिथला ओल्ड फेथफुल नावाचा ओंडका बुंध्याला जवळपास १० फूट रुंद आहे. मग पुढे क्रिस्टल फॉरेस्ट. इथे मात्र वेळ द्या. साधारण २१ कोटी वर्षांपूर्वी हा सगळा भाग विषुववृत्ताजवळचा ओला, नद्यांचा प्रदेश होता, पुरात वाहून आलेली झाडं गाळात आणि ज्वालामुखीच्या राखेत गाडली गेली, राखेतली सिलिका पाण्यात विरघळून लाकडात मुरली आणि लाकडाच्या जागी क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचा दगड, झालं. लाल-पिवळा रंग लोखंडाचा, काळा-जांभळा मँगनीजचा. आपला अंधेरीचा गिल्बर्ट हिल साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे हे लाकूड त्याच्या तिप्पट जुनं. ओंडके करवतीने कापल्यासारखे दिसतात पण कापलेले नाहीत, जमीन वर उचलली जाताना तडकलेत. साडू म्हणाले सरकारने मशीनने कापून मांडलेत. बोर्ड समोर होता.

तर पुढे ब्लू मेसा या निळसर टेकड्यांच्या भागातल्या पार्किंगला आईंनी पाण्याची बाटली काढायला पर्स उघडली आणि आत रुमालात गुंडाळलेला सुपारीएवढा लाल तुकडा. क्रिस्टल फॉरेस्टच्या वाटेवर उचललेला. म्हणाल्या, देवघरात शाळिग्रामाशेजारी ठेवीन, किती तेज आहे बघा. साडू म्हणाले, राहू दे ना, एवढ्याशा तुकड्याने अमेरिका गरीब होणार आहे का. मी म्हणालो गाडी फिरवा. आणि फिरवायला लावली. अर्धा तास मागे, आईंनी बोट दाखवलं तिथे तुकडा ठेवला, परत अर्धा तास पुढे, गाडीत कोणी कोणाशी बोलत नाही. त्यात उत्तरेला पोचेपर्यंत पेंटेड डेझर्ट इन ही जुन्या सरायीची इमारत बंद झाली होती, फ्रेड कबोटी या होपी (तिथल्या मूळ जमातीतल्या) चित्रकाराची भित्तिचित्रं आहेत तिथे, ती हुकली. हे आजही माझ्या खात्यावर आहे. एका दगडासाठी म्हाताऱ्या बाईला रडवलं, असं सासरी प्रत्येक कार्याला निघतं. रडल्या नव्हत्या, रागावल्या होत्या.

आता इथे लिहूनच टाकतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लोकांनी क्रिस्टल फॉरेस्टमधले ओंडके सुरुंग लावून फोडले होते, आतले अमेथिस्टचे, म्हणजे जांभळ्या रत्नाचे, स्फटिक काढायला. असलेच प्रकार बघून लोक ओरडले म्हणून १९०६ साली थिओडोर रूझवेल्टने ही जागा संरक्षित केली, नॅशनल पार्क झालं १९६२ मध्ये. आणि पोस्टाने परत आलेले तुकडे पुन्हा जागेवर ठेवता येत नाहीत, कारण नेमके कुठले ते कोणालाच माहीत नसतं, अभ्यासाला निरुपयोगी, म्हणून त्यांचा वेगळा ढीग केलाय. म्हणजे घरी नेऊन पश्चात्ताप करून फायदा शून्य, ठेवायचा तर त्याच दिवशी, त्याच जागी. बाहेर पडताना रेंजरने विचारलंच, काही दगड घेतलाय का. साडूंनी ताठ मानेने नो म्हटलं. कोणामुळे म्हणता आलं ते?

रॉक आर्टचं. न्यूजपेपर रॉकवर ६५० च्या वर चित्रं कोरलेली आहेत, पण खाली उतरू देत नाहीत, वरून दुर्बिणीतूनच बघायचं, स्वतःची असेल तर न्या. त्यापेक्षा प्वेर्को प्वेब्लो मला आवडलं, सुमारे १०० खोल्यांच्या वस्तीचे अवशेष, १३व्या-१४व्या शतकातली माणसं राहत होती, सपाट वाट, चित्रं जवळून दिसतात. तिथे एका छोट्या सर्पिलावर जूनमध्ये सकाळी उन्हाची तिरीप बरोबर येऊन पडते, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस ओळखायची सोय. साडू म्हणे पोरांनी गिरवल्यासारखं आहे. यांचं गाव राजापूर तालुक्यात. बारसूच्या, देवाचे गोठण्याच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, दर मे महिन्यात आंबे खायला जातात आणि एकदाही सड्यावर चढलेले नाहीत. अशा माणसाला अॅरिझोना काय दाखवणार.

तुमच्या आईवडिलांसाठी: जायंट लॉग्जला पायऱ्या आहेत, हळू करा. ब्लू मेसाचा निळा-जांभळा देखावा वरूनच बघा, खालची दीड किमीची फेरी चढउताराची आहे, गुडघे दुखत असतील तर नकोच. अॅगेट ब्रिज म्हणजे ओंडक्याचा पूल, १९१७ मध्ये खाली काँक्रीटचा आधार दिलाय, दोन मिनिटं बास. खाणं-पाणी होलब्रुकलाच भरून घ्या, थेपले उत्तम. रात्री पार्क बंद होतं, गेटला कुलूप लागतं, म्हणून सकाळी लवकर शिरा आणि वेळा आदल्या दिवशी साइटवर बघा. उन्हाळ्यात दुपारी सावली मिळत नाही हे आधी सांगायला हवं होतं, मे-जूनचं तिकीट असेल तर आईवडिलांना छत्री द्या, लोक बघतात, बघू दे.

आणि आठवण हवीच असेल तर बाहेरच्या दुकानांत खाजगी जमिनीतला रीतसर तुकडा मिळतो. मी परतताना होलब्रुकला आईंना एक घेऊन दिला, त्यांनी उचललेल्यापेक्षा मोठा आणि पॉलिश केलेला. तो देवघरात नाही, टीव्हीच्या खाली आहे, कारण तो म्हणे विकतचा. पार्कात शिरायच्या आधी घेतलात तर बिल जवळ ठेवा आणि गेटवर शिरतानाच दाखवा, नाहीतर बाहेर पडताना तुम्हालाच पटवत बसावं लागेल.