नवा पाइप रुळवताना
तंबाखू ओढायला ब्रायरचा पाइप घेतलास, उत्तम. पण पहिल्याच दिवशी काठोकाठ भरू नकोस. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाची मुळाजवळची गाठ. कणखर खरी, पण कोरं लाकूड आतून करपू शकतं. पहिले पाच-सहा वेळा वाटी, म्हणजे तंबाखू भरायचा खोलगट भाग, एक तृतीयांशच भर, मग अर्धी. सावकाश ओढ. वाटी हाताला चटका देऊ लागली की थांब, निवू दे. तंबाखू तळापर्यंत जळू दे, म्हणजे काजळीचा थर सगळीकडे धरतो. तो एखादा मिलिमीटर पुरे. फार जाड झाला तर लाकूड तडकतं. आणि पाइप गरम असताना तोंडात धरायची दांडी अजिबात उपसू नकोस! माझा सर्वांत आवडता पाइप तसाच सांध्यात मोडला, अजून हळहळ वाटते. शेवटी नळीतून पाइप क्लीनर, म्हणजे लव असलेली बारीक तार, फिरवून दिवसभर सुकू दे.