जुना पीसी नेटवर्कवर दिसतो, पण फोल्डर उघडत नाही?

सेटिंग्जची उलथापालथ करण्याआधी जुन्या पीसीवर कोणतं विंडोज आहे ते बघा. एक्सपी असेल तर दुखणं बहुतेक तिथंच आहे. नेटवर्कवर फायली शेअर करायच्या विंडोजच्या पद्धतीला एसएमबी म्हणतात. एक्सपीला तिची फक्त जुनी आवृत्ती, एसएमबी १, कळते, आणि २०१७ च्या शेवटापासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये ते एक तर पूर्ण नसतं, किंवा काही दिवस न वापरल्यास आपोआप निघून जातं. त्याच वर्षी वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच एसएमबी १ मधल्या भोकातून पसरला होता. 'विंडोज फीचर्स'मधून ते परत चालू करता येतं, पण मी करणार नाही. दोन-चार फायलींसाठी पेनड्राइव्ह बरा. अगदीच गरज पडली तर नव्या पीसीवर एसएमबी १ चा फक्त क्लायंट (दुसऱ्याचे फोल्डर उघडणारा भाग) चालू करा, सर्व्हर (आपले फोल्डर दुसऱ्याला देणारा भाग) नको, आणि काम झालं की बंद.

विंडोज ७ असेल तर गोष्ट वेगळी. त्याला एसएमबी २ येतं, त्यामुळे एसएमबी १ ला हात लावू नका. नेटवर्क 'प्रायव्हेट' आहे ना? मग नावाऐवजी थेट त्या पीसीचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) टाकून बघा. उघडलं, तर गडबड फक्त नाव शोधण्यात आहे. पासवर्ड विचारला तर विंडोज उघडायचा पिन चालत नाही, हे बरेच जण विसरतात. फोल्डर ज्या पीसीवर आहे, तिथल्या खात्याचाच पासवर्ड लागतो. त्या खात्याला पासवर्डच नसेल तर आधी तो ठेवा.