रात्री ताप आला तर गाडी कोणाची?

प्रिय डॉक्टर,

मेडिकल ऑन्कॉलॉजीला, म्हणजे कॅन्सरवरच्या औषधोपचारांच्या शाखेला, प्रवेश मिळाल्याचं कळलं, फार आनंद झाला. रुजू होण्याआधी काय वाचू, असं तू विचारलं आहेस. पुस्तकांची यादी तुझे विभागप्रमुख देतीलच. मी ओपीडीबद्दल लिहितो, कारण रुग्णाचं बरंवाईट बऱ्याचदा तिथेच ठरतं.

केमो लिहून देताना तू उंची, वजन, रक्ताचे रिपोर्ट, हृदयाचा इको बघशील. त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहायची सवय लाव: रात्री ताप आला तर गाडी कोणाची? केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या तळाला जाते. त्या दिवसांत १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. परळला, रुग्णालयाजवळ राहणाऱ्याला हे एका वाक्यात सांगून भागतं. वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या आडगावी परतलेल्या माणसाचं काय? घरात थर्मामीटर नसतो. बायको कपाळाला हात लावते, कणकण आहे म्हणते, तापाची गोळी देते आणि दोघं सकाळच्या एसटीची वाट बघतात. तोवर रक्तदाब उतरलेला असतो.

म्हणून पहिल्या केमोआधीच थर्मामीटर घ्यायला लाव, तो तुझ्यासमोर लावून वाचून घे. गावातल्या गाडीवाल्याचा नंबर फाइलच्या पहिल्या पानावर लिही. जवळच्या जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या नावे चार ओळींची चिठ्ठी दे: कोणती केमो, कोणत्या तारखेला, ताप आला तर काय सुरू करायचं. याला पाच मिनिटं लागतात. भरल्या ओपीडीत पाच मिनिटं मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी ती काढ.

हे काम समाजसेवकांचं, आपलं नव्हे, असं सांगणारे तुला भेटतील. मला ते अजिबात पटत नाही. रुग्णाच्या खिशाकडे आणि घराकडे पाहिल्यावरच काही शास्त्रीय प्रश्न सुचतात. डोक्या-मानेच्या कॅन्सरचं उदाहरण घे, आपल्याकडे तंबाखू-गुटख्याने घातलेला हा घाला. पुढच्या टप्प्यातल्या या रोगावर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांचा, उपयोग होतो. या उपचारामागच्या शोधाला २०१८ चं नोबेलही मिळालं. पण त्यातल्या निवोलुमॅब या औषधाचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, आणि त्याचा खर्च ऐकून बहुतेक कुटुंबं हात जोडून निघून जातात. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी विचारलं, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं तर? स्वस्त गोळ्यांच्या जोडीला त्यांनी ते देऊन पाहिलं, रीतसर चाचणी करून. २०२३ साली निष्कर्ष छापून आले: उपचारानंतर वर्षभराने हयात असणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के होतं, ते ४३.४ टक्क्यांवर गेलं. परवडत नाही म्हणून उठून जाणारा माणूस रोज समोर बसत असेल, तर असा प्रश्न सुचतो. तुलाही सुचावा अशी माझी इच्छा आहे.

औषध स्वस्त झालं म्हणजे काम संपलं, असंही नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरवरची इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये आली आणि त्या रोगाचं चित्रच पालटलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या नव्या रूपाचं पेटंट नाकारलं, त्यामुळे आपल्याकडे जेनेरिक गोळ्या मिळत राहिल्या. रोज गोळी घेणारे कितीतरी जण आज संसार करताहेत. आणि त्यातलेच काही जण बरं वाटायला लागलं की गोळी सोडतात. रुग्ण तसं आपणहून सांगत नाही. ‘गोळ्या घेता ना?’ या प्रश्नाला सगळे ‘हो’च म्हणतात. त्यापेक्षा डबी दाखवायला सांग आणि उरलेल्या गोळ्या मोज. जास्त उरल्या असतील तर रागावू नकोस. कापणीचे दिवस होते का, मुंबईला यायला पैसे होते का, ते विचार.

नव्या औषधांचे तक्ते घेऊन कंपन्यांची माणसं येतील. त्यात नीट बघ, आलेख कशाचा आहे? गाठ किती महिने वाढली नाही याचा, की माणूस किती जास्त जगला याचा? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि पहिलीवरून दुसरी गृहीत धरता येत नाही. मुलगा जेव्हा विचारतो, ‘साहेब, एक एकर काढून टाकू का?’, तेव्हा तुला याच आलेखावरून उत्तर द्यायचं असतं. सरासरी काय मिळेल, काय सोसावं लागेल, हे आकड्यांत सांग. ‘प्रयत्न करून बघू’ एवढंच म्हणून त्याला जमीन विकायला लावणं मी अन्याय मानतो.

सांगण्यावरून आठवलं. ‘आईला काही कळू देऊ नका,’ असं म्हणत नातेवाईक तुला दाराबाहेर गाठतील. ते प्रेमापोटीच म्हणतात, त्यांना झिडकारू नकोस. पण आईलाही विचार. मिश्री लावणाऱ्या एका मावशींच्या गालात जखम होती, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. घरच्यांनी त्यांना ‘दाढेचं दुखणं’ सांगितलं होतं. मी खुर्ची जवळ ओढून विचारलं, ‘मावशी, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?’ त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि मलाच विचारलं, ‘पोस्टातले पैसे नातीच्या नावावर करायचेत. सही आत्ताच करून टाकू का?’ सगळं त्यांना कळलेलं होतं. फक्त पैशांची तजवीज करायला कोणी त्यांना मोकळीक देत नव्हतं. कोणाला सगळं ऐकायचं असतं, कोणी म्हणतं, ‘मुलाशीच बोला.’ दोन्हींचा मान राख, मात्र ते रुग्णाच्या तोंडून ऐकल्यावर.

आता दुखण्याबद्दल, कारण यात अजूनही फार हयगय होते. तीव्र वेदनेवरचं मॉर्फिन लिहिलं की घरचे घाबरतात, शेवट आला असं समजतात. काही डॉक्टरही घाबरतात आणि ‘दुखलं तर द्या’ असं लिहून मोकळे होतात. मॉर्फिनच्या साध्या गोळ्या दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायच्या असतात. दुखायची वाट बघायची नाही. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतं, त्यावरचं औषध त्याच दिवशी सुरू कर, नाहीतर आठवड्याभरात रुग्ण स्वतःच मॉर्फिन बंद करेल. दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह विभागाला बोलवायला उपचार थकायची वाट पाहू नकोस. २०१० मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरवरचा अभ्यास छापला. ज्यांना ही सेवा पहिल्यापासून मिळाली, त्यांच्यातले निम्मे ११.६ महिन्यांहून जास्त जगले, बाकीच्यांतले निम्मे ८.९ महिन्यांहून. आणि तेही शेवटच्या दिवसांत केमोसारखे जोरकस उपचार कमी घेऊन. केमोच्या पहिल्या फेरीलाच त्या विभागाची ओळख करून दे, म्हणजे पुढे तिकडे पाठवलं तर रुग्णाला टाकून दिल्यासारखं वाटणार नाही.

तू मुंबईत असणार आहेस, तेव्हा सवड काढून दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जाऊन ये. गावाहून आलेले रुग्ण तिथे राहतात. ते काय रांधतात, रेडिएशनला कसे जातात, घरी मुलांपाशी कोण आहे, ते ऐक. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेला कोणते कागद लागतात आणि कोणत्या कागदावाचून केमो अडते, ते विभागातल्या समाजसेवकांकडून शिकून घे. आणि मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली रात्रपाळीला कोणाकडे असते, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेव. रात्री दोन वाजता ती शोधत फिरायला लागू नये.

सस्नेह,
तुझा सर